ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसमधील स्कीमाबदल

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसमध्ये माहितीचे तक्ते करत नाहीत. प्रोग्राममधले ऑब्जेक्ट, म्हणजे एकेका गोष्टीच्या माहितीची गाठोडी, जसेच्या तसे साठवतात. क्लास (एका जातीच्या ऑब्जेक्टांचा साचा), त्यांचे रकाने, वारसा (एका क्लासने पालकक्लासाचे रकाने घेणे) आणि परस्परसंदर्भ मिळून डेटाबेसचा स्कीमा, म्हणजे आराखडा, होतो. साठा भरल्यावर हा स्कीमा बदलणे आणि जुने ऑब्जेक्ट त्याच्याशी जुळवून घेणे म्हणजे स्कीमाबदल.

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी वाचनालयाने सभासदांची जुनी रजिस्टरे अशा डेटाबेसात उतरवली आहेत, असे धरू. शहराचे अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झाले. पत्त्यातले ‘बडोदे’ खोडून ‘वडोदरा’ लिहिणे हा नुसता डेटाचा बदल. क्लासला त्याचा पत्ताही लागत नाही. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्याच्यासाठी नवा रकाना जोडणे हा मात्र स्कीमाबदल. रकाना जोडणे सोपे, पण १९६५ च्या सभासदाच्या नोंदीत तिथे काय लिहायचे? रिकामा ठेवला तर ‘पिन तेव्हा नव्हताच’ आणि ‘लिहायचा राहिला’ यांत फरक उरत नाही. सरसकट ३९०००१ भरला तर मांजलपूरचा सभासद रावपुऱ्यात जाऊन बसतो.

नावाचा एक रकाना फोडून आडनाव वेगळे काढायचे, तर रूपांतराचा नियम स्वतः लिहावा लागतो. ‘शेवटचा शब्द ते आडनाव’ हा नियम बडोद्यात फार टिकणार नाही. इथल्या याद्यांत आडनाव कधी शेवटी येते, कधी सर्वांत आधी.

हे सगळे होताना ऑब्जेक्टची ओळख, म्हणजे त्याचा अंतर्गत क्रमांक, बदलून चालत नाही. घरी नेलेल्या पुस्तकाची नोंद सभासदाकडे त्याच क्रमांकाने बोट दाखवते. जुना ऑब्जेक्ट पुसून त्याच माहितीचा नवा केला, तर डोळ्यांना सभासद तोच दिसतो, पण पुस्तकांच्या नोंदींना तो सापडत नाही.

या प्रश्नाचा शिस्तशीर विचार १९८० च्या दशकात झाला. ऑस्टिनच्या एमसीसी या संशोधनसंस्थेतल्या ओरायन प्रणालीवरचा, जय बॅनर्जी, वोन किम आणि सहकाऱ्यांचा १९८७ चा निबंध यातला पायाभूत मानतात. कोणताही बदल झाला तरी मोडता कामा नयेत अशा अटी त्यांनी आधी ठरवल्या आणि मग पेचासाठी नियम दिले. दोन पालकक्लासांत एकाच नावाचा रकाना असेल तर क्रमाने आधीच्या पालकाचा घ्यायचा. मधला क्लास काढून टाकला तर त्याची अपत्ये आजोबाच्या पदरी घालायची.

जुने ऑब्जेक्ट कधी बदलायचे, यावर दोन पंथ आहेत. जेमस्टोन या डेटाबेसने तात्काळ रूपांतर निवडले, म्हणजे रविवारी वाचनालय बंद ठेवून सगळी कार्डे नव्या नमुन्यात उतरवण्यासारखे. ओरायनने काम लांबणीवर टाकले: सभासद खिडकीशी आला की त्याचे कार्ड पाहायचे. दुसरी रीत सोयीची खरी, पण उधारीची. कोणी दहा वर्षांनी उगवला तर मधले सगळे बदल त्याच्यावर क्रमाने चढवावे लागतात, म्हणून जुने नियम फेकता येत नाहीत. त्यातून एका बदलात गाळलेला रकाना दुसऱ्या, अजून न बदललेल्या ऑब्जेक्टच्या रूपांतराला लागू शकतो. फ्रान्समधल्या ओ-टू प्रणालीत यासाठी गाळलेली मूल्ये लगेच पुसत नसत. प्रोग्रामच्या नजरेआड ठेवत.

ब्राउन विद्यापीठातल्या एन्कोर प्रणालीने तिसरी वाट धरली. तिथे क्लासच्या आवृत्त्या शेजारीशेजारी नांदत आणि जुन्या प्रोग्रामला नवा ऑब्जेक्ट भेटला तर मधला दुभाषा वेळ मारून नेई.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या झेडओडीबी या ऑब्जेक्ट डेटाबेसात ढिलाई जास्त आहे. नव्या रकान्याचे ठरीव मूल्य क्लासवर लिहिले की जुने ऑब्जेक्ट तेच दाखवतात. डिस्कवरची नोंद पुढे तो ऑब्जेक्ट बदलून साठवला जाईपर्यंत जुनीच राहते. मात्र क्लासचे नाव बदलून जुन्या नावाची वाट ठेवली नाही, तर त्या क्लासचा साठवलेला ऑब्जेक्ट ‘मोडका ऑब्जेक्ट’ म्हणून वर येतो. माहिती आत शाबूत असते, पण तिला ओळखणारा क्लास जागेवर नसतो.