घर्षणामागचा स्फटिक

बेअरिंग जाम झालं की 'वंगण संपलं' म्हणून आपण मोकळे होतो. पण वंगण नसलं की धातू धातूला इतकं घट्ट का धरतो, याचा उलगडा व्हायला सव्वादोनशेहून जास्त वर्षं लागली.

१६९९ मध्ये फ्रान्सच्या गियोम आमोंताँ यांनी दाखवलं की घर्षण भारानुसार वाढतं, पृष्ठभाग केवढा आहे यावर नाही. पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांत अडकतात, हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटलं. १७८५ मध्ये कुलोम यांनीही तेच उचलून धरलं. पण उंचवटा चढताना लागलेली ताकद उतरताना परत मिळायला हवी. मग उष्णता येते कुठून? १८०४ मध्ये जॉन लेस्ली यांनी हा प्रश्न विचारला, आणि तो रास्तच होता.

उत्तराचा धागा तर १७२४ मध्येच हाती लागला होता. देसाग्युलिए यांनी शिशाच्या दोन गोळ्यांचा थोडा थोडा भाग कापला आणि ताज्या चकचकीत बाजू पीळ देऊन एकमेकींवर दाबल्या. गोळे घट्ट चिकटले. पण चिकटणं क्षेत्रफळावर ठरतं आणि घर्षण ठरत नाही, मग मेळ कसा बसणार? १९३९ मध्ये केंब्रिजच्या बाउडेन आणि टेबर यांनी तो बसवला. पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या टोकांवरच टेकतात, आणि भार वाढला की टेकलेली जागाही वाढते. तिथे धातू जुळतो, सरकताना तो जोड तुटतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद म्हणजेच घर्षण.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा टप्पा. अवकाशयानांचे भाग निर्वातात चालवायचे, तिथे धातूवरचा, ऑक्सिजनमुळे चढलेला आणि धातूला धातूशी चिकटू न देणारा ऑक्साइडचा थर खरवडला गेला की पुन्हा धरत नाही. म्हणून नासाच्या क्लीव्हलँड इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड बकली यांनी स्वच्छ धातू आणि एकेकटे स्फटिक, म्हणजे अणूंची एकच सलग रचना असलेले तुकडे, घासून पाहिले. कोबाल्टचे अणू साध्या तापमानाला षट्कोनी रचनेत असतात. त्यांचे थर एकमेकांवरून सहज सरकतात आणि घर्षण कमी राहतं. सुमारे ४२० अंश सेल्सियसच्या आसपास रचना घनाकार होते. धातू तोच, पण घर्षण एकदम चढतं.

२००५ मध्ये ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या क्वासिक्रिस्टलवर (अणूंची मांडणी नियमित असूनही सगळ्या दिशांना ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही, अशा पदार्थावर) तर एकाच पृष्ठभागावर दिशेनुसार आठपट फरक मिळाला: अणूंची रचना ठरावीक अंतराने पुन्हा येते त्या दिशेला जास्त, दुसरीकडे कमी. हवेत ऑक्साइडचा थर चढलेल्या पृष्ठभागावर मात्र हा फरक दिसला नाही.