तासाला २.१३ डॉलर: टिपवरच्या पगाराची पार्श्वभूमी

अमेरिकेत हॉटेलात जेवलं की बिलाखाली १८, २०, २२ टक्के असे टिपचे आकडे छापूनच येतात आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाला हमखास वाटतं की अरे, वेटरचा पगार मालकाने द्यायचा की मी? शंका अगदी रास्त आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं, बाकीचं गिऱ्हाइकाने भरायचं. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. याची मुळं शोधायला मात्र हॉटेलात नाही, रेल्वेच्या डब्यात जावं लागतं.

यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि १८६७ मध्ये जॉर्ज पुलमनने स्लीपर कोचची कंपनी काढली. भारी गालिचे, चकचकीत लाकूडकाम आणि दिमतीला पोर्टर. पोर्टर म्हणून त्याने ठरवून कृष्णवर्णीय पुरुष घेतले, सुरुवातीचे बरेचसे तर नुकतेच गुलामीतून सुटलेले. हिशोब सरळ होता, ही माणसं कमी पैशात राबतील आणि गोऱ्या प्रवाशाला घरी नोकर असल्याचा थाट मिळेल. बिछाने घालायचे, सगळे झोपले की रात्री त्यांचे बूट पॉलिश करायचे (पॉलिश स्वतःच्या खिशातून आणायचं हां), आणि प्रवासी सरसकट हाक मारणार "जॉर्ज", म्हणजे मालकाच्या नावाने, जशी पूर्वी गुलामांना पडायची तशी. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरले की मग तो पूर्ण पगार, आणि तोही इतका तुटपुंजा की घर चालायचं टिपवरच. कहर म्हणजे पुलमन वारल्यावर १८९७ मध्ये कंपनीची सूत्रं आली रॉबर्ट टॉड लिंकनकडे, हो, अब्राहम लिंकनचाच मुलगा! १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे पोर्टरच्या पगाराबद्दल त्याला उत्तरं द्यावी लागली होती.

बरं, युनियन काय करत होत्या? १८९४ चा पुलमन संप गाजला, कंपनीने पगार कापले पण कंपनीच्याच घरांचं भाडं तेवढंच ठेवलं म्हणून कारखान्यातले कामगार उठले, यूजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने देशभर बहिष्कार घातला, शेवटी सैन्य आलं. पण याच युनियनने कृष्णवर्णीयांना सभासद करायचं नाही असा ठराव मतदानाने पास केला होता, म्हणजे पोर्टर बाहेरच. मला वाटतं अमेरिकन कामगार चळवळीची खरी दुखरी नस हीच.

मग पोर्टरनी १९२५ मध्ये स्वतःची युनियन काढली आणि नेता निवडला ए. फिलिप रँडॉल्फ, जो स्वतः पोर्टर नव्हताच, त्यामुळे कंपनी त्याला कामावरून काढणार कशी? कॉन्ट्रॅक्ट पदरात पडायला १२ वर्षं गेली, १९३७ मध्ये महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. याच युनियनचा माँटगोमेरीतला पुढारी ई. डी. निक्सन, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्सना ज्याने १९५५ मध्ये जामिनावर सोडवून आणलं.

१९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात किमान वेतनाचा कायदा आला, तासाला २५ सेंट, टप्प्याटप्प्याने ४० तासांचा आठवडा. मोठंच काम झालं, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले, म्हणजे दक्षिणेत नेमकी जिथे कृष्णवर्णीय माणसं होती तीच कामं. दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा पास होत नव्हता, हे उघड गुपित. हॉटेलातले कामगारही बहुतेक बाहेरच राहिले. आणि स्टेशनवरच्या हमालांना कायदा लागू झाला तर रेल्वेवाल्यांनी त्यांच्या टिपच पगारात धरल्या, १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यताही दिली.

हॉटेल कामगार कायद्यात आले १९६६ मध्ये, पण किमान वेतनाचा निम्मा भाग टिपमधून वळता करायची मालकाला मुभा देऊनच. निदान किमान वेतन वाढलं की यांचेही पैसे वाढायचे. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर होतं, त्याचं निम्मं २.१३. मग १९९६ मध्ये काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) किमान वेतन वाढवलं आणि टिपवाल्यांचा आकडा तिथेच गोठवला, रेस्टॉरंट मालकांची लॉबी जिंकली. पुढे २००९ मध्ये किमान वेतन ७.२५ झालं, २.१३ तसंच.

टिप धरूनही ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा असं कायदा म्हणतो, पण कमी पडलेले पैसे मागायला जाणार कोण, पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट तोच मालक लावतो. आठ तासांचे होतात १७.०४ डॉलर, टिपवरचा टॅक्सही त्यातूनच कापला जातो, त्यामुळे हातात येणारा चेक कधीकधी जवळजवळ शून्याचा. या कामात बायका जास्त, आणि गिऱ्हाईक काहीही बरळलं तरी हसून घ्यायचं कारण रोजी त्याच्या खिशात.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा धरून सात राज्यांत ही सवलतच नाही, तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं आणि हॉटेलं काही बंद पडली नाहीत. राजधानी वॉशिंग्टन डी.सी.मध्ये (वरचं वॉशिंग्टन राज्य वेगळं) २०१८ मध्ये मतदारांनी हीच मागणी पास केली, तर काही महिन्यांत नगर परिषदेने ती रद्दच केली. २०२५ मध्ये टिपवर इन्कम टॅक्सची सूट आली, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत, २०२८ पर्यंत. ज्यांची कमाई इतकी कमी की इन्कम टॅक्स लागतच नव्हता त्यांना यातून काही मिळत नाही, आणि मालकाचे २.१३ आहेत तसेच.