कॅफे रेसर बनवायचीय: आरएक्स १०० घ्यायची की आरएक्स १३५?

इंदूरात कुणी जुनी यामाहा विकायला काढली की ती 'आरएक्स १००'च असते, आतलं इंजिन कुठलंही असो. "भिया, ओरिजिनल सौ है" एवढ्यावर लोक पैसे मोजतात आणि घरी १३५ घेऊन येतात. आता कॅफे रेसरच (पुढे वाकून चालवायची, जुन्या रेसिंग स्टाइलची गाडी) करायची असेल तर माझं तर म्हणणं आहे की शोधायचीच १३५, फक्त १३५च्या भावात.

दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, त्यात इतक्या वर्षांत टाक्या-पॅनल इकडचे तिकडे झालेले, त्यामुळे स्टिकरवर अजिबात जाऊ नका. खरा फरक सिलेंडरमध्ये आहे. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोघींचा ५० एमएम, पण बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) १००चं ५० आणि १३५चं ५८, म्हणून एकीचे ९८ सीसी भरतात आणि दुसरीचे १३२. इंजिनचं हेड उघडून व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) लावला की लगेच कळतं, रिबोअर झालं असेल तरी आकडा थोडाच सरकतो, ५०चा ५८ होत नाही. विकणारा हेड उघडू देत नसेल (बहुतेक नाहीच देत) तर गिअर मोजा. पाच पडले तर ती १०० नाही एवढं नक्की, पण चार पडले म्हणजे १००च असंही नाही, कारण १३५ चार गिअरमध्येपण आलेली. आणि आरसीवरचे सीसी बघा, इंजिन-चेसिस नंबर स्वतः टॉर्च मारून जुळवा, फोटोवर विश्वास नको.

१०० एवढी महाग का? १९८५ साली आली, सुरुवातीला जपानहून सुटे भाग यायचे आणि एस्कॉर्ट्स कंपनी इथे जोडायची, १९९६ मध्ये बंद. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ११ बीएचपी, त्यामुळे हलक्या हाताने उडते. पण आज तिची किंमत आहे ती 'जशीच्या तशी' असण्याची. मागची फ्रेम कापून हम्प सीट (मागे उंचवटा असलेली) लावली की ती किंमत ग्राइंडरखाली गेली, परत येत नाही. १३५ पुढेही बरीच वर्षं मिळत होती, पाच गिअरवाली १४ बीएचपीची आहे, तिच्यावर प्रयोग करताना जीव कळवळत नाही.

बरं, दोन्हीत सारखीच येणारी एक कटकट म्हणजे रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेली फुटरेस्ट. गाडी किकवरच चालू होते, किक उजवीकडे, आणि फुटरेस्ट मागे-वर नेलं की किकचा दांडा खाली येताना नेमका त्यावर आपटतो. म्हणून उजवं फुटरेस्ट फोल्डिंगच घ्या आणि वेल्डिंगच्या आधी किक पूर्ण खाली दाबून बघा, नाहीतर रोज सकाळी पिंडरी सोलून निघेल. साईड पॅनल काढून 'मोकळा' लूक करायचा म्हणाल तर टू-टीची (टू-स्ट्रोक इंजिनच्या ऑइलची) टाकी कुठे बसवणार ते आधी ठरवा. काहीजण ऑइल पंपच काढून पेट्रोलमध्ये हाताने ऑइल मिसळतात, चालतं, पण एकदा विसरलात की पिस्टन चिकटला.

क्लिपऑन (खाली बसणारं, दोन तुकड्यांचं) हँडल लावून राजवाड्याच्या गर्दीतून पलासियापर्यंत जाऊन बघा, मनगटं बोलतील. महूकडे सकाळी मोकळा रस्ता मिळाला तर मात्र तीच बैठक मस्त वाटते. तिथे १३५चा पाचवा गिअर कामाला येतो, आणि तिथेच समजतं की पुढचा ड्रम ब्रेक या वेगासाठी कमी आहे, तेव्हा सीटच्या रेक्झिनआधी ब्रेक शू आणि टायरला पैसे ठेवा.

कागदांचं थोडं कडू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या रचनेत बदल करण्यावर बंधन) आहेच, त्यात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. शिवाय १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायला एमपी ०९ची (इंदूर पासिंगची) गाडी आरटीओत न्यावीच लागते. म्हणून मी तरी फ्रेम कापू नका असंच म्हणेन, बोल्टने बसणारं सामान लावा, आणि मूळ सीट-हँडल-सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका.