बुरशी नव्हे, एरंडेल!

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांचा फोन आला. "सर, रेकॉर्डवर पांढरी बुरशी चढलीय. खोबरेल लावून पुसून काढू का?" म्हटलं, "हात लावू नका, मी येतोच."

हे गृहस्थ नाशिकला गंगापूर रोडला राहतात. शास्त्रीय गाण्याच्या जुन्या तबकड्या जमवायचा नाद त्यांना कॉलेजपासून आहे. गायक द. वि. पलुस्कर नाशिकचे, त्यामुळे पलुस्करांच्या अठ्ठ्याहत्तरच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा वेगळा कप्पाच या गृहस्थांच्या कपाटात आहे. पण बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर एका गठ्ठ्यात मिळालेली ही तबकडी निराळी होती. दहा इंची, काळीभोर. मधल्या भोकाभोवती आणखी तीन छोटी भोकं. लेबल छापलेलं नाही, दौतीच्या शाईनं लिहिलेलं: 'भीमपलास, टेक २'. कडेला नखाएवढा पोपडा उडाला होता आणि त्याखाली ॲल्युमिनियम चकाकत होतं. साध्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीत धातू नसतो, ती लाखेच्या मिश्रणाची असते. ही 'ॲसिटेट' होती.

ॲसिटेट म्हणजे चाचणीची तबकडी. छापलेली रेकॉर्ड साच्यात दाबून हजारोंनी काढता येते. ॲसिटेटवर मात्र यंत्राची टोकदार सुई थेट खाच कोरत जाते, एका वेळी एकच तबकडी. कोरताना ती घसरू नये म्हणून खुंटीत अडकवायची, त्यासाठी ती जादा भोकं. गायकानं, संगीतकारानं ऐकायची, पसंत पडली तर पुढचं काम करायचं आणि ही बाजूला टाकायची. म्हणून ती दुर्मीळ. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीनं १९५३ मध्ये सुमारे ४ डॉलर देऊन आपली पहिली तबकडी कोरून घेतली, तिला २०१५ च्या लिलावात ३ लाख डॉलर आले. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ७५ सेंटला मिळालेली 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडची चाचणी तबकडी २००६ मध्ये २५ हजार डॉलरला गेली.

गंमत म्हणजे ॲसिटेटमध्ये ॲसिटेट नावाचं रसायन नसतं. नाव चुकीचं पडलं आणि रूढ झालं. १९३४ मध्ये फ्रान्सच्या पिराल कंपनीनं ही पद्धत आणली तेव्हापासून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा तो काळा लेप नायट्रोसेल्युलोजचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियम मिळेना तेव्हा पत्र्याऐवजी काच वापरली, लेप तोच राहिला. नखांना लावायच्या पॉलिशमध्येही हाच पदार्थ असतो. पांडवलेण्याच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांची फिल्मसुद्धा नायट्रोसेल्युलोजचीच. फिल्ममध्ये त्याच्या जोडीला कापूर असायचा. तबकडीत बहुधा असतं एरंडेल तेल.

तो पांढरा थर समजून घ्यायचा तर या तेलापाशी थांबायला हवं.

नुसतं नायट्रोसेल्युलोज वाळल्यावर ठिसूळ होतं. त्यात खाच कोरायला गेलं तर कपचे उडतील. एरंडेलाचे रेणू त्याच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरून बसतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि लेप मऊ राहतो. पण तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. हवेतला ओलावा हे जोड हळूहळू तोडतो आणि मेदाम्लं सुटी होतात. त्यात शंभरात नव्वदच्या आसपास रिसिनोलिक आम्ल असतं. ते सुमारे ५ अंशालाच वितळतं, म्हणजे आपल्याकडे कायम द्रव, आणि लेपात मुरून राहतं. पामिटिक आणि स्टिअरिक ही आम्लं शेकड्यात एखाद-दुसराच टक्का, पण त्यांचे वितळणबिंदू ६३ आणि ६९ अंश. नाशिकच्या मे महिन्यातही ती घट्टच राहणार. लेपात त्यांना जागा नसते, ती पृष्ठभागावर येतात आणि पांढरे स्फटिक होऊन बसतात. स्नेह्यांना दिसलेली 'बुरशी' ती हीच.

इकडे नायट्रोसेल्युलोजही स्वस्थ नसतं. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं आणि ते आम्ल तेलाचं आणि लेपाचं, दोन्हींचं विघटन आणखी वेगानं करतं. विघटनातून आम्ल, आम्लातून विघटन, असं हे चक्र. म्हणून तबकडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं सर्वांत वाईट, कारण वायू आतच कोंडतो. आमच्या स्नेह्यांनी जपण्यासाठी म्हणून नेमकं तेच केलं होतं.

तेल गेलं की लेप आकसतो. खालचं ॲल्युमिनियम आकसत नाही. गंगापूर धरणाचं पाणी उतरल्यावर काठचा गाळ भेगाळतो, तसंच इथे होतं: वरचा थर आकसायला बघतो, खालचा सोडत नाही, ताण वाढतो आणि लेप फाटतो. पोपडा उडाला की त्यावरचा आवाजही गेला. तो परत चिकटवून मिळत नाही.

हल्ली 'जुन्या तबकडीत गायकाची स्पंदनं साठलेली असतात, ती घरात ठेवल्यानं सकारात्मक ऊर्जा येते' असे मेसेज फिरतात आणि त्यावर विक्रेते भाव चढवतात. तबकडीत साठलेली असते ती खाचेची नागमोडी, आणि ती मायक्रोस्कोपखाली दिसते. ज्याला गाण्याचं प्रेम आहे त्यानं असल्या थापांना पैसे देऊ नयेत.

चावीच्या ग्रामोफोनवर ॲसिटेट कधीही लावू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो आणि पोलादी सुई मऊ लेपातून नांगरासारखी फिरते. आजच्या पिकअपचा (सुई बसवलेल्या भागाचा) भार दोन-तीन ग्रॅम असतो, तरीही प्रत्येक वादनात थोडी झीज होतेच. स्पिरिटनं पुसू नये, लेप खराब होतो. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई न टेकवता, खाचेची सूक्ष्म छायाचित्रं काढून त्यातून आवाज मिळवायची पद्धत बसवली आहे. फुटलेल्या तबकड्याही त्यानं ऐकता येतात. आम्हाला ती सोय नव्हती. जाणकाराकडून थर साफ करून घेतला आणि हलक्या पिकअपवर एकदाच वाजवून संगणकात उतरवून घेतलं.

कडेपासून आत गेलेली एक भेग आहे. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे दर सेकंदाला १.३ वेळा सुई तिच्यावरून जाते. तानपुऱ्याच्या मागे तेवढ्याच वेळा बारीक 'टक्' ऐकू येतो. आवाज कोणाचा ते अजून कळलेलं नाही. दीड मिनिटानं सुई भेगेच्या आतल्या टोकापलीकडे जाते आणि तो ठोका थांबतो. पुढची पावणेदोन मिनिटं भीमपलास स्वच्छ ऐकू येतो.