संगणक उघडण्यापूर्वी: स्थिर विद्युतेपासून सुट्या भागांचे रक्षण

रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती) वाढवणे, नवीन एसएसडी (माहिती कायम साठवणारा भाग) बसवणे किंवा पंख्यात साचलेली धूळ काढणे ही कामे आता अनेक जण स्वतःच करतात, आणि त्यांत फारसे अवघड असे काही नाही. तरीही मदरबोर्डसोबत (सगळे भाग ज्याला जोडले जातात त्या मुख्य बोर्डासोबत) येणाऱ्या माहितीपुस्तिकेत सुरुवातीलाच स्थिर विद्युतेविषयीचा इशारा छापलेला असतो. तो वाचून लोकांचे साधारण दोन गट पडतात. आजवर कधी काही बिघडले नाही म्हणून एक गट तो हसण्यावारी नेतो, तर दुसरा इतका धास्तावतो की कॅबिनेटचे, म्हणजे संगणकाच्या बाहेरच्या पेटीचे, झाकण काढायलाच धजत नाही. माझ्या मते दोन्ही गटांची अडचण एकच आहे. काय करायचे याची यादी त्यांना मिळते, पण ते का करायचे हे कोणी सांगत नाही, आणि कारण ठाऊक नसले की खबरदारी एक तर टाळली जाते किंवा चुकीच्या जागी घेतली जाते.

दोन भिन्न पदार्थांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकून पुन्हा दूर झाले, की एकाच्या पृष्ठभागावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर राहून जातात. असा जागीच साठलेला विद्युत प्रभार म्हणजे स्थिर विद्युत. त्यासाठी घासण्याचीही गरज नसते. घासल्याने प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि प्रभार अधिक साठतो, एवढेच. चिकटपट्टीच्या गुंडाळीतून पट्टी झरकन ओढली तरी तिच्यावर हजारो व्होल्टचा प्रभार निर्माण होतो. चालताना पादत्राणाचा तळ जमिनीला टेकतो आणि उचलला जातो, खुर्चीवरून उठताना कपडे गादीपासून सुटतात, लोकरी किंवा नायलॉनचा कपडा अंगातून काढला जातो. या प्रत्येक वेळी थोडा थोडा प्रभार शरीरावर जमा होत असतो. मानवी शरीर विजेचे बऱ्यापैकी वाहक असले तरी रबरी किंवा प्लॅस्टिकचा तळ त्याला जमिनीपासून तोडतो. त्यामुळे साठलेल्या प्रभाराला वाट मिळत नाही आणि आपण, नकळत, एक चालताबोलता विद्युत धारक (कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवून ठेवणारी वस्तू) बनतो.

या धारकाची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, अगदी अल्प, साधारण १०० ते २०० पिकोफॅरड असते. धारकता अल्प असल्यामुळे थोड्याशा प्रभारानेही व्होल्टचा आकडा मोठा होतो. दाराच्या धातूच्या मुठीला हात लावताना बसणारा चटका सुमारे ३००० व्होल्टच्या वर जाणवू लागतो. आकडा भीतीदायक वाटतो, पण १०० पिकोफॅरड धारकता धरून हिशेब केला तर त्या वेळी शरीरात साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलहूनही कमी भरते, आणि ती आपल्याला अपाय करण्याइतकी नसते. परंतु ही सगळी ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडते. इलेक्ट्रॉनिक भागांच्या चाचणीसाठी मानवी शरीराचे जे प्रमाण प्रारूप वापरतात, त्यात १०० पिकोफॅरडचा धारक १५०० ओहम रोधातून मोकळा केला जातो. ३००० व्होल्टला याचा अर्थ असा की प्रवाह सुरुवातीला २ अँपिअरपर्यंत चढतो आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास बहुतांश ओसरतो.

आता हा प्रवाह कोठे जातो ते पाहू. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीतील चिप यांत ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म विद्युत स्विच दाटीवाटीने रचलेले असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये गेट हा नियंत्रण करणारा भाग आणि त्याखालचे सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो, आणि त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर असते. या कामासाठी दीर्घकाळ वापरलेला सिलिकॉन डायऑक्साइड हा उत्तम विद्युतरोधक आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. एक नॅनोमीटर जाडीमागे साधारण १ व्होल्टपेक्षा अधिक ताण आला की तो फुटतो. म्हणजे पाच नॅनोमीटरच्या थराला काही मोजके व्होल्ट पुरतात. थराला पडलेले छिद्र पुन्हा भरून येत नाही. याशिवाय मोठ्या प्रवाहामुळे चिपमधील धातूच्या बारीक वाहिन्या वितळून तुटू शकतात.

थेट असा मार्ग उघडा असता तर एकही चिप कारखान्यातून ग्राहकापर्यंत धड पोहोचली नसती. म्हणून चिपच्या प्रत्येक जोडणीपाशी संरक्षक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे घटक) आणि इतर मंडले (सर्किट) बसवलेली असतात. ती अचानक आलेला प्रवाह आतल्या ट्रान्झिस्टरकडे न जाऊ देता बाजूने वळवतात. त्यांच्या क्षमतेचे उद्दिष्ट पूर्वी २००० व्होल्ट असे. पुढे चिपमधील रचना अधिकाधिक बारीक होत गेली तसे ते १००० व्होल्टपर्यंत खाली आणले गेले, कारण चिप हाताळणाऱ्या कारखान्यांत स्थिर विद्युतेवर काटेकोर नियंत्रण असते असे गृहीत धरले जाते. हे दोन्ही आकडे ३००० व्होल्टच्या शेजारी ठेवून पाहिले, की खरी अडचण लक्षात येते. आपल्याला चटका जाणवण्याच्या कितीतरी आधी चिपची सहनशक्ती संपलेली असू शकते. ‘मला काहीच जाणवले नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मदरबोर्डवर किंवा रॅमच्या पट्टीवर बसवलेली चिप ही सुट्या चिपपेक्षा बरीच सुरक्षित असते, कारण तिच्या भोवतीचे धारक, रोधक आणि भूसंपर्काचे तांब्याचे थर आघात वाटून घेतात. म्हणूनच कसलीही काळजी न घेता वर्षानुवर्षे संगणक जोडणारे लोक भेटतात, आणि ते खोटे बोलत नसतात. स्थिर विद्युतेने भाग लगेच निकामी न होता अर्धवट दुखावला जाण्याची आणि काही काळाने दगा देण्याची शक्यता असते. पण नंतर उद्भवलेल्या बिघाडावरून मूळ कारण शोधून काढणे घरी जवळजवळ अशक्य असते, म्हणून प्रत्येक गूढ बिघाडाचे खापर स्थिर विद्युतेवर फोडण्यात अर्थ नाही. नवीन रॅम लावल्यावर संगणक सुरू झाला नाही, तर ती खाचेत पूर्ण बसलेली नसणे हे कारण आधी तपासावे.

प्रतिबंधाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: प्रवाह वाहतो तो दोन वस्तूंच्या विभवांत (व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या विद्युत पातळीत) फरक असल्यामुळे, त्यामुळे शरीर, कॅबिनेट आणि हातातील भाग हे तिन्ही एकाच विभवावर असतील तर त्यांच्यामध्ये ठिणगी पडणार नाही. ते तिन्ही जमिनीशी जोडलेले असले तर उत्तमच, पण जमिनीशी जोडणी ही मुख्य अट नाही. एकमेकांशी जोडणी ही मुख्य अट आहे. अर्थिंगविषयी जे वाद नेहमी चालतात, त्यांतले बरेचसे एवढ्या एका भेदाने मिटतात.

उदाहरणार्थ, काम करताना संगणकाची पिन बोर्डाला लावलेली असावी की काढलेली? लावून ठेवावी म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की पॉवर सप्लायमागचे (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यामागचे) बटण बंद केले तरी अर्थिंगची तार जोडलेलीच राहते आणि कॅबिनेट जमिनीच्या विभवावर राहते. तत्त्वतः हे बरोबर आहे. परंतु त्यासाठी घरातील अर्थिंग खरोखर चालू असावे लागते आणि ते बटण चुकूनही दाबले जाता कामा नये, कारण बटण चालू असल्यास संगणक बंद दिसत असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा मिळतच असतो. शिवाय अर्थिंग तुटलेले असेल, तर पॉवर सप्लायच्या गाळणी मंडलातील धारकांमुळे कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टवर तरंगू शकते; बोटाला जाणवणारी हलकी झिणझिणी बऱ्याचदा त्याचीच असते. म्हणून पिन काढून ठेवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पिन काढल्यावर संगणक सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे धारकांत उरलेला प्रभार निघून जातो. लॅपटॉपमध्ये झाकण काढल्यावर पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे.

यानंतर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. येथे ‘उघड्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण रंगाचा थर विद्युतरोधक असतो आणि रंगवलेल्या पत्र्यावर हात ठेवून फारसे काही साधत नाही. पॉवर सप्लायचे न रंगवलेले आवरण, मागील जोडण्यांभोवतीची चकचकीत पट्टी किंवा स्क्रूची डोकी या जागा योग्य. एकदाच स्पर्श करून भागत नाही. स्क्रू आणायला उठलात, खुर्ची सरकवली, बाहीची घडी घातली, की प्रभार पुन्हा साठू लागतो. म्हणून शक्य तेव्हा एक हात किंवा मनगट कॅबिनेटला टेकवूनच काम करावे आणि दूर जाऊन परतल्यावर कोणत्याही भागाआधी धातूला स्पर्श करावा. नवीन भाग पिशवीतून काढण्यापूर्वी पिशवी कॅबिनेटच्या धातूवर टेकवावी आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने धातू धरावा. एका माणसाने दुसऱ्याच्या हाती भाग देताना आधी हाताला हात लावून मग भाग पुढे करावा. रॅमची पट्टी कडांनी धरावी; सोनेरी पट्ट्यांना बोट लागू न देण्याने स्थिर विद्युत आणि बोटांवरचा तेलकटपणा या दोन्हींपासून त्या वाचतात.

ही शिस्त पाळायची आठवण राहत नाही, यावरचा उपाय म्हणजे अँटिस्टॅटिक मनगटपट्टी. ती त्वचेला घट्ट चिकटलेली हवी, बाहीवर बांधलेली चालत नाही, आणि तिच्या तारेचा चिमटा कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावायचा असतो. या तारेत १ मेगाओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रोधक मुद्दाम बसवलेला असतो. शरीराची धारकता अल्प असल्याने एवढ्या रोधातूनही प्रभार सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात ओसरू लागतो. दुसरीकडे, चुकून २३० व्होल्टच्या जिवंत तारेला हात लागलाच, तर पट्टीवाटे शरीरातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्याही खाली राहतो. म्हणून घरातल्या साध्या तारेचा तुकडा मनगटाला गुंडाळून ‘जुगाड’ करू नये. तार नसलेल्या मनगटपट्ट्याही विकल्या जातात. प्रभाराला वाटच नसल्याने त्यांचा उपयोग शून्य आहे.

आतापर्यंतचे सगळे उपाय वाहक वस्तूंना लागू पडतात. प्लॅस्टिक, थर्माकोल, बबल रॅप यांसारख्या विद्युतरोधकांवरचा प्रभार धातूला टेकवून निघून जात नाही, कारण तो पृष्ठभागावर जागच्या जागी अडकलेला असतो. त्यांना फक्त दूर ठेवता येते. प्रभारित थर्माकोलचा तुकडा मदरबोर्डजवळ नुसता आणला तरी त्याच्या क्षेत्रामुळे बोर्डावरील प्रभारांची फेररचना होते, आणि त्याच क्षणी बोर्डाला कोणी धातूचा स्पर्श केला तर ठिणगी पडते. माणूस पूर्णपणे निष्प्रभारित असूनही असे घडू शकते. चिप स्वतःच प्रभारित होऊन धातूला टेकते तेव्हाचा प्रवाह तर नॅनोसेकंदात कित्येक अँपिअरवर जातो. कार्यशाळांतील टेबलावर धातूचा पत्रा न ठेवता मध्यम रोधाची चटई अंथरतात ती यासाठीच: प्रभार निघून जावा, पण सावकाश. घरी अशी चटई नसेल तर कोरे लाकूड किंवा पुठ्ठा चालतो; प्लॅस्टिकचे आच्छादन मात्र काढून ठेवावे.

भागांसोबत येणाऱ्या पिशव्यांविषयीही बराच गोंधळ आहे. गुलाबी पिशवी स्वतः फारसा प्रभार निर्माण करत नाही, पण बाहेरचा प्रभार अडवत नाही. चंदेरी पिशवीत प्लॅस्टिकच्या थरांमध्ये धातूचा अतिपातळ थर असतो, आणि तो आतल्या वस्तूला विद्युत क्षेत्रापासून झाकतो. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूने मढवलेला खोलीएवढा पिंजरा उभारला होता. बाहेरून तो जोरदार प्रभारित केलेला असताना ते स्वतः उपकरणे घेऊन आत बसले, आणि आत प्रभाराचा मागमूसही त्यांना आढळला नाही. पिशवीमागचे तत्त्व तेच आहे, म्हणून तिचे तोंड दुमडून बंद केलेले असेल तरच तिचा पूर्ण लाभ मिळतो. मदरबोर्ड पिशवीवर ठेवून चालू करून पाहण्याची सवय मात्र सोडावी: बोर्डाच्या खालच्या बाजूची टोके पिशवीला भोसकून धातूच्या थरापर्यंत पोहोचली तर शॉर्ट सर्किट होऊ शकते.

हवेतील ओलावा पृष्ठभागांवर पाण्याचा अदृश्य पातळ थर निर्माण करतो आणि त्यावरून प्रभार हळूहळू झिरपून जातो. विनाइलच्या फरशीवर चालण्याने कोरड्या हवेत १२,००० व्होल्टपर्यंत, तर दमट हवेत २५० व्होल्टच्या आसपास प्रभार साठतो, असे या विषयावरील मार्गदर्शिकांमधील नेहमीचे आकडे आहेत. वातानुकूलित किंवा हीटरने तापवलेल्या खोलीत म्हणूनच अधिक जपावे. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असली तर उत्तम. धूळ काढताना व्हॅक्यूम क्लीनरची प्लॅस्टिकची नळी बोर्डाला लावू नये, कारण तिच्यातून वेगाने जाणाऱ्या धुळीच्या घर्षणाने तिचे टोक सतत प्रभारित होत राहते. हवेचा झोत वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकाट फिरणारा पंखा जनित्राप्रमाणे वीज निर्माण करून ती मदरबोर्डकडे पाठवू शकतो, आणि त्याचे बेअरिंगही खराब होते.

एका ठिकाणी मात्र मनगटपट्टी काढून ठेवणेच योग्य. पॉवर सप्लायचे बंद आवरण उघडणे, किंवा वीजपुरवठा चालू असलेल्या उपकरणात हात घालणे, या कामांत शरीर जमिनीशी जोडलेले असणे हाच धोका ठरतो. पॉवर सप्लायमधील मोठ्या धारकांत पिन काढल्यानंतरही तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो, आणि तो चिपला नव्हे तर माणसाला घातक असतो. ते आवरण प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी उघडू नये. पॉवर सप्लाय बिघडला असेल तर तो अखंडच बदलावा.