गेम पार्लरच्या यंत्रांचे परवाना नियम: सोलापुरातून हरकत-सूचना कशी द्यायची

पार्लरमधल्या यंत्रांचे आणि चालकांच्या परवान्याचे नियम बदलायचे झाले, तर आधी मसुदा निघतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 33 सार्वजनिक करमणुकीच्या जागांच्या परवान्यांचे नियम करण्याचा अधिकार देते. तातडीची परिस्थिती सोडली, तर हे नियम पूर्वप्रसिद्धीशिवाय करता येत नाहीत. याच कायद्यात 'सार्वजनिक करमणुकीची जागा' याच्या व्याख्येत बिलियर्डची आणि बॅगाटेलची (टेबलावर चेंडू छिद्रांत ढकलण्याचा जुना खेळ) खोली आहे. बॅगाटेल आज क्वचितच कुणी खेळते, पण खेळाचे साधन ठेवून पैसे घेऊन लोकांना आत घेणारी कुठलीही जागा त्या व्याख्येत बसते.

मसुदा कुठे पाहायचा

राजपत्रात आणि स्थानिक दैनिकांतल्या जाहीर सूचनांत. कलमात दवंडीचाही उल्लेख आहे. तिची वाट पाहू नका. मसुदा कुणी काढला, हे सर्वांत आधी बघा. सोलापूर शहरासाठी पोलीस आयुक्त नियम करतात. पंढरपूर, बार्शी, अकलूज, मोहोळ अशा उरलेल्या जिल्ह्यासाठी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी. मसुदा राज्य शासनाचा असेल, तर हरकत मसुद्यात दिलेल्या मंत्रालयातल्या विभागाकडेच जाते. शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी महापालिकेची हद्द पाहून कार्यालय ठरवू नये. आपले पोलीस ठाणे आयुक्तालयात येते की ग्रामीणमध्ये, ते पाहावे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत मुदत संपते.

कोण देऊ शकतो

कोणीही. पार्लरचालक, जागामालक, शेजारचे रहिवासी, शाळा, पालक, गड्डा यात्रेत होम मैदानावर तात्पुरते खेळ लावणारे, सगळे. परवानाधारक असण्याची अट नसते. संस्था किंवा संघटना असेल तर सभेच्या ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याला दिलेले अधिकारपत्र जोडा, नाहीतर ते एका माणसाचे म्हणणे धरले जाते.

कागदपत्रे

फार लागत नाहीत. नाव, पूर्ण पत्ता, संपर्क आणि सही असलेले पत्र पुरते. मसुद्यात वेगळे सांगितले नसेल तर मुद्रांक किंवा शपथपत्र लागत नाही. चालकाने चालू परवान्याची प्रत, यंत्रांची यादी (प्रकार, अनुक्रमांक, संख्या) आणि जागेचा आराखडा जोडावा. आधार कार्डाची प्रत मागितलेली नसताना जोडू नका. हरकतीची फाइल बऱ्याच हातांतून जाते. भाषा मराठी ठेवा. पूर्व भागात तेलुगू किंवा कन्नडमध्ये लिहिणारे बरेच आहेत. त्यांनी मूळ पत्रासोबत मराठी प्रत द्यावी.

हरकत कशी लिहायची

इथेच बहुतेक अर्ज वाया जातात. "हे अड्डे बंद करा" किंवा "आमच्या पोटावर पाय देऊ नका" या वाक्यांवर फाइलमध्ये टिपणी लिहिता येत नाही. प्रत्येक मुद्द्यासाठी चार गोष्टी द्या: मसुद्यातला नियम क्रमांक, त्यातला मजकूर जसाच्या तसा, त्याजागी हवा असलेला मजकूर, आणि कारण दोन-तीन ओळींत. उदाहरणार्थ, मसुद्यात "शाळेपासून अमुक मीटरच्या आत परवाना नाही" एवढेच असेल, तर अंतर कुठून मोजायचे ते विचारा. कुंपणापासून की मुख्य दारापासून, सरळ रेषेत की चालत जाण्याच्या रस्त्याने? नवी पेठेसारख्या गल्लीबोळांच्या भागात या दोन मोजण्यांत इतका फरक पडू शकतो की एकीत परवाना मिळेल आणि दुसरीत नाही.

परवाना जागेला आहे की प्रत्येक यंत्राला, हेही तपासा. यंत्रामागे परवाना असेल तर बिघडलेले यंत्र दुरुस्तीला गेले असताना बदली यंत्र लावता येईल का, आतला मुख्य बोर्ड बदलला तर यंत्र नवे धरणार का, सील कोण तोडणार आणि पंचनामा कोण करणार, हे नियमातच हवे. तसे नसेल तर तपासणीला आलेल्या माणसाच्या मर्जीवर सगळे जाते. चालू परवानाधारकांना नव्या अटी पूर्ण करायला किती मुदत मिळेल आणि परवाना नाकारल्यास अपील कुणाकडे व किती दिवसांत, या दोन गोष्टी मसुद्यात नसतील तर त्या घालायला सांगा.

काय मागून मिळणार नाही

पैसे लावण्याची परवानगी नियमातून मिळत नाही. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम, 1887 खाली जुगाराचा अड्डा चालवणे आणि तिथे खेळणे, दोन्ही गुन्हे आहेत. कलम 13 ची सूट निव्वळ कौशल्याच्या खेळांनाच आहे. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला, म्हणून कॅसिनो परवान्याची मागणीही व्यर्थ. व्हिडिओ गेमवर नियंत्रण घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. शिवानी खटल्यात 1995 मध्येच मान्य केले आहे. "नियम करण्याचा अधिकारच नाही" या मुद्द्यावर शाई खर्च करू नका. आणि चालकांनो, "आमची यंत्रे जिंकल्यावर रोख देतात, पण मर्यादेत" असे हरकतीत लिहिणे म्हणजे स्वतःच्या सहीने कबुली देणे आहे.

देताना

मसुद्यातली तारीख अर्ज पोहोचण्याची असते, टाकण्याची नव्हे. "त्या तारखेपूर्वी" लिहिले असेल तर आदल्या दिवसापर्यंत द्या. शक्यतो आवक शाखेत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टने, पोहोच घेऊन. 2025 मध्ये रजिस्टर टपाल त्यातच विलीन झाले आहे. ईमेल चालेल असे मसुद्यात असेल तर सही केलेले पत्र स्कॅन करून पाठवा, मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको.

पुढे काय होते

प्रत्येक हरकतीला वेगळे उत्तर येतेच असे नाही. अंतिम नियम राजपत्रात आले की आपल्या मुद्द्याचे काय झाले ते माहिती अधिकारात विचारता येते: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. "हरकतींची संख्या, गोषवारा आणि त्यावरील टिपणीची प्रत" अशी मागणी करा. "का नाकारली?" असा प्रश्न टाकला तर बहुधा तो माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. अर्जाला आवक क्रमांकाची प्रत जोडली की तुमची हरकत मिळालीच नाही, असे कार्यालयाला म्हणता येत नाही.