एनपीएसमधली ४० टक्के ॲन्युइटीची सक्ती: पार्श्वभूमी

एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) बाहेर पडताना जमलेल्या रकमेतले ४० टक्के ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीला रक्कम देऊन हयातभर मिळणाऱ्या पेन्शनीत, घालायचेच, हा नियम बिगरसरकारी सदस्यांसाठी डिसेंबर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर आला. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी तो आजही ४० टक्केच आहे. मधल्या बावीस वर्षांत या आकड्यावरून भरपूर भांडणं झाली. ॲन्युइटी कोणत्या प्रकारची घ्यायची आणि कोणत्या वयात घ्यायची, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. निवृत्तांचं खरं नुकसान तिथेच झालं.

नव्वदच्या दशकापर्यंत हा प्रश्नच नव्हता. सरकारी नोकराला निम्म्या पगाराच्या आसपास पेन्शन आणि त्यावर महागाईची भर मिळायची. खासगी नोकरदाराच्या हातात फंड (भविष्य निर्वाह निधी) आणि ग्रॅच्युइटी एकरकमी पडायची. पुढचं त्याचं त्याने बघायचं. १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना आली, पण पगाराच्या ५,००० रुपयांच्या मर्यादेवर हिशेब होत असल्याने तिच्यातून हाती फार थोडं येणार होतं. मग फंडाची रक्कम बँकेत, पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत आणि युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेच्या युनिटांत विभागली जायची आणि व्याजावर घर चालायचं. पोस्टाचा दर दशकाच्या बऱ्याच भागात १३ टक्के होता, म्हणजे लाखाला महिना १,०८३ रुपये. महागाईने मुद्दल झिजत होतं, पण महिन्याचा आकडा तोच राहत असल्यामुळे ते कुणाला जाणवत नव्हतं.

ही घडी तीन वर्षांत विस्कटली. पीपीएफचा दर जानेवारी २००० मध्ये १२ वरून ११ टक्के झाला, पुढच्या वर्षी ९.५, मग ९ आणि मार्च २००३ मध्ये ८. पोस्टाचा दरही ८ वर आला. जुन्या ठेवीला मुदतीपर्यंत जुनाच दर मिळायचा, त्यामुळे फटका पुनर्गुंतवणुकीच्या दिवशी बसे: लाखाला १,०८३ ऐवजी ६६७ रुपये. म्हणजे काहीही न चुकता उत्पन्न ३८ टक्क्यांनी कमी. त्यातच २ जुलै २००१ ला यूएस-६४ ची खरेदी-विक्री थांबली. ही योजना निव्वळ मालमत्ता मूल्यावर, म्हणजे तिच्याकडच्या शेअर-रोख्यांच्या बाजारभावावर, चालत नव्हती. युनिटची किंमत ठरवून दिली जायची, शेअर पडले तरी लाभांश कायम राहायचा आणि तूट आत साठत जायची. १९९८ मध्येच राखीव निधी उणे झाल्याचं बाहेर आलं होतं. पुढे सरकारने मर्यादित युनिटांना आधारभूत किंमत दिली आणि २००३ मध्ये युनिटांच्या बदल्यात ६.७५ टक्क्यांचे पाच वर्षांचे करमुक्त रोखे दिले. मुंबई-पुण्यातल्या हजारो घरांत ही युनिटं म्हणजेच पेन्शन होती. निवृत्तांच्या दृष्टीने हा धडा आहे तो असा, की ठरावीक लाभांश मिळतो म्हणजे त्यामागे ठरावीक कमाई असतेच असं नाही.

एनपीएसचा जन्म याच काळातला आहे, हे विसरलं की ४० टक्क्यांचा नियम मनमानी वाटतो. २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेने १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत येणाऱ्यांना (सैन्यदलं वगळून) जुनी पेन्शन बंद झाली. साठीला ४० टक्के ॲन्युइटीत, उरलेले हातात. साठीआधी बाहेर पडलं तर ८० टक्के ॲन्युइटीत. जुन्या पेन्शनीत कर्मचारी जास्तीत जास्त ४० टक्के पेन्शनचं अंशराशीकरण (ती विकून एकरकमी पैसे घेणं) करू शकत असे, ६० टक्के पेन्शन म्हणून चालूच राहायची, आणि विकलेला भागही पंधरा वर्षांनी परत सुरू व्हायचा. नव्या योजनेत हे प्रमाण उलटं झालं. दुसरीकडे फंडात शंभर टक्के रोख मिळत होती. जुनी पेन्शन आणि फंड यांच्यामधला हा मुक्काम होता. एकरकमी पैसा मुलाच्या धंद्यात, घराच्या मजल्यात आणि लग्नांत जातो आणि पंचाहत्तरीला हात रिकामे राहतात, ही त्यामागची भीती खोटी नव्हती.

ॲन्युइटीचं काम नीट पाहिलं तर गडबड कुठे झाली ते कळतं. समजा एकूण ५० लाख जमले आणि त्यातले २० लाख ॲन्युइटीत गेले. ‘मूळ रक्कम वारसाला परत’ या पर्यायात दर ६.५ टक्के धरला तर वर्षाला १,३०,००० म्हणजे महिना १०,८३३ रुपये. ‘फक्त हयातीपर्यंत’ या पर्यायात साठीच्या माणसाला ८ टक्के धरला तर महिना १३,३३३. हा अडीच हजारांचा फरक येतो तो लवकर गेलेल्यांच्या न घेतलेल्या पैशातून. त्या पैशावर उशिरापर्यंत जगणाऱ्यांची पेन्शन चालते. लांब आयुष्याचा धोका वाटून घेणं, हीच ॲन्युइटीची एकमेव खासियत आहे. मूळ रक्कम परत मागितली की ती संपते. मग कंपनी फक्त व्याज देते आणि स्वतःचा खर्च कापून घेते. म्हणूनच या पर्यायात साठाव्या आणि सत्तराव्या वर्षी मिळणाऱ्या दरात जेमतेम फरक असतो, तर फक्त हयातीच्या पर्यायात वयाबरोबर दर चांगला चढतो.

आपल्याकडे बहुतेक जण मूळ रक्कम परत मागतात. ‘दोन वर्षांत गेलो तर वीस लाख कंपनीच्या घशात’ हे वाक्य फॉर्म भरताना हमखास ऐकू येतं आणि त्यातली भावना समजण्यासारखी आहे. पण मग तुलना पोस्टाशी होते, आणि ती ॲन्युइटीला झेपत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के आहेत. २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये, आणि पाच वर्षांनी मुद्दल हातात. ॲन्युइटीतलं मुद्दल जन्मभर अडकतं, दर कमी, आणि आलेली प्रत्येक पै स्लॅबप्रमाणे करपात्र. सक्ती लोकांना टोचली ती याच तुलनेमुळे. धोरणानेही ही गाठ सोडवली नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व आयुर्विमा कंपन्यांना जी प्रमाणित ‘सरल पेन्शन’ विकणं बंधनकारक झालं, तिच्यात दोनच पर्याय ठेवले आणि दोन्ही मूळ रक्कम परत देणारे. ज्या प्रकारात ॲन्युइटीला अर्थ आहे तो प्रकार साध्या ग्राहकाच्या समोर ठेवलाच गेला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक आहे. टक्के ४० होते की २० हा त्यापुढे दुय्यम मुद्दा.

दुसरी अडचण महागाईची. १०,८३३ रुपयांची खरेदीशक्ती ६ टक्के महागाईत पंधरा वर्षांनी आजच्या सुमारे ४,५०० रुपयांइतकी उरते. दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढणारी ॲन्युइटी मिळते, पण तिची सुरुवात इतकी खालून होते की लोक ती टाळतात. तिसरी अडचण खरेदीच्या दिवसाची: त्या दिवशीचा दर जन्मभर चिकटतो. २०२०-२१ च्या नीचांकी व्याजकाळात निवृत्त झालेल्यांना त्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागणार आहे. आणि चौथी, जी घरोघरी दिसते: नवऱ्याने फक्त स्वतःच्या नावाचा पर्याय घेतलेला असतो. तो गेला की पेन्शन थांबते. मूळ रक्कम परतीची असेल तर पत्नीला एकरकमी पैसे मिळतात आणि पासष्ट-सत्तरीत तिला त्या वेळच्या दराने नव्याने गुंतवणूक शोधावी लागते. बहुतेकदा ती वयाने लहान असते आणि जास्त जगते, म्हणून संयुक्त हयातीचा, तिलाही शंभर टक्के देणारा पर्याय थोड्या कमी दराला परवडतो.

तरीही ॲन्युइटी टाकाऊ ठरवणारे एक गोष्ट नजरेआड करतात. एप्रिल २०१५ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तेव्हाच्या कमाल मर्यादेचे १५ लाख ठेवणाऱ्याला ९.३ टक्क्यांनी तिमाहीला ३४,८७५ रुपये मिळाले. एप्रिल २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा दर ७.४ होता, नव्याने ठेवल्यावर तिमाही हप्ता २७,७५०. सरकारी हमी पूर्ण असूनही उत्पन्नाचा पाचवा भाग गेला. २०१७ ते मार्च २०२३ या काळात विकल्या गेलेल्या प्रधानमंत्री वय वंदना योजनेचंही हेच होणार आहे. दर महिना १० हजारांसाठी १५ लाख भरलेल्यांना दहा वर्षं ८ टक्के मिळतात, २०२० नंतर घेणाऱ्यांना ७.४, सर्वांत जुन्या पॉलिसींची मुदत २०२७ मध्ये संपते. पाच किंवा दहा वर्षांचा दर हा तीस वर्षांच्या निवृत्तीचा दर नसतो.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना आधी राज्याची परिभाषित अंशदान योजना (जिच्यात भरायचा हिस्सा ठरलेला असतो, मिळणारी पेन्शन नाही) लागली आणि पुढे ती खाती एनपीएसमध्ये वळवली गेली. या स्थलांतरात जिल्हा परिषदांच्या अनेक शिक्षकांच्या कपातीच्या नोंदी जुळल्या नाहीत: पगारातून पैसे कापले, पावती नाही, शासनाचा हिस्सा उशिरा. बाजारात उशिरा गेलेल्या पैशावरचा परतावा कायमचा बुडतो, हे त्या वेळी फारसं कुणी सांगितलं नाही. मार्च २०२३ च्या संपामागे जुन्या पेन्शनची मागणी होती, पण तिच्यामागे या हिशेबाचा रागही होता. जाहिरात आधीची, नेमणूक नंतरची अशांना राज्याने फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला.

केंद्राची चाल या काळात उलटसुलट राहिली. २०१६ च्या अर्थसंकल्पात एनपीएसमधून काढलेली ४० टक्के रक्कम करमुक्त झाली. त्याच भाषणात पुढच्या काळात फंडात जमा होणाऱ्या रकमेपैकी ६० टक्के ॲन्युइटीत न घातल्यास करपात्र करण्याचा प्रस्तावही होता. आठवड्याभरात इतका विरोध झाला की ८ मार्चला तो मागे घेतला गेला. फंडावर सक्ती लादता येत नाही हे त्या दिवशी स्पष्ट झालं आणि त्यानंतर एनपीएसची सक्तीही सैल होत गेली. २०१९-२० पासून पूर्ण ६० टक्के करमुक्त झाले. २०२१ मध्ये एकूण ५ लाखांपर्यंत जमा असेल तर सगळी रक्कम काढायची मुभा मिळाली. ऑक्टोबर २०२३ पासून एकरकमी भाग ७५ वर्षांच्या वयापर्यंत महिना, तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्यांनी काढता येऊ लागला.

सरकारी कर्मचाऱ्यांपुरता वाद वेगळ्या वाटेने गेला. एप्रिल २०२५ पासून केंद्रात एकत्रित पेन्शन योजनेचा पर्याय आला: २५ वर्षं सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, त्यावर महागाई सवलत, जोडीदाराला ६० टक्के, दहा वर्षं सेवेला किमान १०,०००. त्यात साठवलेल्या रकमेतला ६० टक्क्यांपर्यंतचा भाग काढता येतो, पण तेवढ्या प्रमाणात मासिक रक्कम कायमची घटते. हे वाक्य कार्यालयीन चर्चेत बऱ्याचदा गाळलं जातं.

डिसेंबर २०२५ च्या बदलाचे तपशील बिगरसरकारी सदस्यांसाठी असे: ८ लाखांपर्यंत सगळी रक्कम हातात, ८ ते १२ लाखांत ६ लाख हातात आणि उरलेली ॲन्युइटीत किंवा किमान सहा वर्षांच्या हप्त्यांनी, १२ लाखांवर ८० टक्के हातात, २० टक्के ॲन्युइटीत. खातं ८५ वर्षांच्या वयापर्यंत चालू ठेवता येतं. नियम आला तेव्हा आयकरातली सूट मात्र ६० टक्क्यांपुरतीच लिहिलेली होती; वरचे २० टक्के काढण्याआधी त्या वर्षीची करस्थिती तपासायलाच हवी.

ब्रिटनने पेन्शन निधीतून ॲन्युइटी घेण्याचं बंधन २०१५ मध्ये जवळपास काढून टाकलं आणि आपण दहा वर्षांनी त्याच दिशेला वळलो. मोकळीक मिळाल्यावर ८० टक्के रक्कम बँकेच्या एकाच ठेवीत घालणं, म्हणजे पुन्हा २००३ सालीच जाऊन उभं राहणं. त्यापेक्षा साठीला सक्तीचे २० टक्के संयुक्त हयातीच्या पर्यायात, ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांची मर्यादा दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांत भरून (म्हणजे मुदती एकदम संपत नाहीत), उरलेलं एनपीएसमध्येच ठेवून हप्त्यांनी काढणं, आणि सत्तरीनंतर, वयामुळे दर चढल्यावर, ‘फक्त हयातीपर्यंत’ची दुसरी ॲन्युइटी घेणं जास्त टिकतं. साठी पूर्ण होताना काहीच न कळवल्यास खातं आपोआप चालू राहतं, त्यामुळे घाईने फॉर्म भरायची गरज नाही. ॲन्युइटीचा पर्याय मात्र पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची मुदत संपल्यावर बदलता येत नाही. हातात कागद आल्याबरोबर तीन गोष्टी बघाव्यात: जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख, जोडीदाराला मिळणारा टक्का, आणि मूळ रक्कम परतीच्या रकान्यात ‘होय’ आहे की ‘नाही’.